चिखलदऱ्याच्या लग्नाहून आल्यावर

जाम,
१२ जानेवारी १९९७, रविवार

ती. ताईस धर्मेंद्रचा नमस्कार.

आज दुकान बंद ठेवलं. सकाळच्या बसने सासरे प्रभाकरराव आणि सासूबाई गिरडहून आले. कुंदाचं वर्षश्राद्ध मागच्या आठवड्यात झालं, त्यामुळे दुखवटा काढायला येऊ असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. डब्यात पुरणपोळी आणि वांग्याची भाजी आणली होती. मयुरीला आणलं नाही. तिला खोकला आहे आणि रक्षा तिच्याजवळ थांबली आहे, असं सासूबाई म्हणाल्या. मला पाटावर बसवलं, टिळा लावला, शेला-टोपी दिली, नारळ दिला. आम्ही जेवलो. तीनच्या बसने ते परत गेले.

टिळा लावताना प्रभाकरराव म्हणाले, "जवाईबापू, घरातलं घरातच राहू द्या. बाहेर कायले जावाचं?" मला वाटलं ते मयुरीबद्दल बोलत आहेत. पोर वर्षभर त्यांच्याकडेच आहे, तशीच राहू द्या, असं म्हणत असतील. मी म्हणालो, "तुमी म्हणता तसं." सासूबाईंनी डोळे पुसले. ते मला नेहमीचं वाटलं.

संध्याकाळी रूपरावच्या टपरीवर चहा प्यायला गेलो. तो म्हणाला, "काऊन जी, पेढा तुमच्या हातून नाई मिळत का आमाले? सासऱ्यानं देल्ला." प्रभाकररावांनी बसची वाट पाहताना तिथे सगळ्यांना पेढे वाटले. कुंदाच्या धाकट्या बहिणीशी, रक्षाशी, माझं लग्न ठरलं असं सांगितलं. मी म्हणालो, ते तर दुखवटा काढायला आले होते. रूपराव म्हणाला, दुखवट्यात शेला-टोपी देतात, नारळ देत नाहीत. नारळ घेतला म्हणजे हो म्हटलं.

हे मला माहीत नव्हतं. आपल्याकडे बाबा गेले तेव्हा तुझ्या सासरचे आले होते, त्यांनी नारळ आणला होता का, मला आठवत नाही. तुला आठवत असेल तर कळव.

रक्षा माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान आहे. कुंदा आणि मी लग्न करून जामला आलो तेव्हा ती शाळेत होती. मयुरीला पाचवं लागलं. ती घरी यावी असं मला वाटतं, पण दुकान हमरस्त्यावर आहे, ट्रक सारखे जातात, आणि दिवसभर मी मोटारपंपाच्या सामानात असतो. मी एकटा तिला इथे आणू शकत नाही. हे प्रभाकररावही जाणतात.

काय करावं ते सुचत नाही. भाऊजींना सांग.

धर्मेंद्र

---

परतवाडा,
१९ जानेवारी

चि. धर्मेंद्र,

काल शाळेतून आल्या आल्या चप्पल न काढता तुझं पत्र वाचलं. आधी हसू आलं, मग तुझी कीव आली. लहानपणापासून तू असाच. आई दुसरी पोळी वाढायची, आणि नको म्हणायला तोंड उघडेपर्यंत तू ती खाऊन मोकळा व्हायचास. आता नारळ घेऊन बसलास.

बाबांच्या वेळी नारळ नव्हता. रूपराव बरोबर सांगतो. पण मला विचारशील तर झालं ते वाईट झालं नाही. तू स्वतःहून कधी हो म्हणाला नसतास. रक्षा घरची मुलगी आहे. मयुरीचं सगळं तीच करते. उद्या कोणी परकी आली आणि पोरीला तिनं कोपऱ्यात बसवलं, तर तू काय करणार? काहीच करणार नाहीस, दुकानात जाऊन बसशील. वय कमी आहे म्हणतोस, तर आपल्या आईत आणि बाबांत किती होतं ते आठव.

सध्या गिरडला काहीही लिहू नको. पत्रात तू नेहमी भलतंच लिहितोस.

त्याआधी माझं एक काम कर. माझ्यासोबत शाळेत शिकवते त्या वर्षालीचं सोळा फेब्रुवारीला लग्न आहे. लक्ष्मणरावांची ती मुलगी, तू आला होतास तेव्हा तिच्या हातची भजी खाल्ली होतीस. माझी शाळेतली एकच मैत्रीण म्हणावी तर तीच. मुलगा आदेश, चिखलदऱ्याजवळ आश्रमशाळेत शिक्षक आहे. त्याच्या वडिलांना घाट उतरवत नाही म्हणून लग्न वरच आहे. ह्यांचं त्या आठवड्यात ऑडिट आहे, आणि मला एकटीला वर जायचं जिवावर येतं. घाटात माझे डोळे मिटलेले असतात हे तुला माहीत आहे. तू लग्नाआधीच्या शुक्रवारी इथे ये. वर थंडी आहे, स्वेटर आण. तो करडा नको, कोपराला फाटलेला.

नाही म्हणू नकोस. म्हणजे तोंड उघडायच्या आधीच ये.

तुझी ताई

---

जाम,
२८ जानेवारी

ती. ताईस,

पत्र मिळालं. मी लग्नाआधी शुक्रवारी येतो.

परवा गिरडला जाऊन आलो. रविवार असल्यामुळे टेकडीवर दर्ग्याला जाणाऱ्यांची गर्दी होती, बसमध्ये उभं राहावं लागलं. मयुरीचा खोकला बरा आहे. तिने मला अंगणवाडीतलं गाणं म्हणून दाखवलं. रक्षा तिथेच मदतनीस म्हणून जाते, तिनेच शिकवलं.

एक गोष्ट लिहितो. आधी मी गेलो की रक्षा बाहेर यायची, "भाऊजी, बस भेटली का बरोबर?" असं विचारायची, मयुरीच्या तक्रारी सांगायची. परवा ती स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. चहा सासूबाईंनी आणला. मयुरी आतल्या दाराकडे बघून "मावशी" अशी हाक मारत होती. सासूबाई तिला म्हणाल्या, "मावशी नाई बाई, आई म्हण." मयुरी माझ्याकडे बघायला लागली. थोड्या वेळाने तिने पुन्हा "मावशी" म्हणूनच हाक मारली.

नारळ अजून देवापाशी आहे. फोडावा की नाही कळत नाही.

धर्मेंद्र

---

परतवाडा,
२० फेब्रुवारी

चि. धर्मेंद्र,

सुखरूप पोचलास हे रूपरावच्या टपरीवर फोन करून ह्यांनी विचारलं म्हणून कळलं. तू स्वतः काही कळवणार नाहीस, हे मी धरूनच चालले होते.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच्या पंगतीला न थांबता पहाटेच्या बसने निघून गेलास. लक्ष्मणराव चार वेळा विचारून गेले, "तुमचे भाऊ रागावले का?" मी सांगितलं, दुकानाचं काम होतं. पण मला माहीत आहे तू का गेलास. माझ्यावर रागावलास. आदेश बिजवर आहे, आणि त्याची पहिली बायको म्हणजे वर्षालीची सख्खी मोठी बहीण, हे मी तुला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू आला असतास का?

मला तुला ते दाखवायचं होतं. सांगून तुला पटत नाही. आदेशची आणि वर्षालीची जोडी शोभते की नाही? मोठी बाळंतपणात गेली. मूल राहिलं नाही. चार वर्षं तो माणूस वर त्या धुक्यात एकटा राहत होता. आज त्याच्या घरात दिवा लागला. वर्षाली तुझ्याशी मागच्या अंगणात बोलत होती तेव्हा मी खिडकीतून बघितलं. कशी हसत होती! हळदीच्या दिवशी इतकी मोकळी हसणारी नवरी मी बघितली नाही. आणि तू नंतर दरीच्या कठड्याजवळ जाऊन उभा राहिलास. मी हाक मारली तर वळलास, तुझे डोळे भरलेले होते. मी तेव्हाच समजले. मनात म्हटलं, पाझर फुटला एकदाचा.

म्हणून आजच मी प्रभाकररावांना पत्र टाकलं. भावाची तयारी आहे, वैशाखातला मुहूर्त काढा, असं कळवलं. तुझ्या जिभेवर हे कधी आलं नसतं. माझ्या हातून झालं ते बरं.

आता नारळ फोड आणि खोबऱ्याची बर्फी कर. येत नसेल तर रूपरावच्या बायकोला दे.

तुझी ताई

---

जाम,
२७ फेब्रुवारी

ती. ताईस नमस्कार.

तुझं पत्र काल मिळालं. मी रागावलो नव्हतो. पहाटे का गेलो ते लिहितो.

शनिवारी सकाळी तू साड्या भरत होतीस आणि मला ताराचंद सराफाकडून पुडी आणायला पाठवलंस. त्यात काय आहे ते तू सांगितलं नाहीस, मीही विचारलं नाही. ताराचंदने गुलाबी कागदात घडी घालून दिली आणि म्हणाला, "वरच्या खिशात ठेवा. खाली कुठं ठेवू नका." मी शर्टाच्या खिशात ठेवली. जीपमध्ये तू डोळे मिटून माझ्या खांद्याला टेकलीस, तेव्हा तुझं डोकं पुडीवर येऊ नये म्हणून मी थोडा सरकून बसलो. काहीतरी नाजूक दागिना असेल, असं वाटत होतं.

वर पोचल्यावर वर्षालीची आई, मनकर्णाबाई, पहिल्यांदा पुडीच मागू लागल्या. माझ्यासमोरच उघडली. चांदीचा टाक होता. अंगठ्याच्या नखाएवढा, त्यावर बाईचा चेहरा ठोकलेला, डोळे, नाक, कुंकू. मनकर्णाबाईंनी तो डोळ्यांना लावला. मला म्हणाल्या, "हे आमची थोरली." मला कळलं नाही. मग तिथल्या एका बाईने समजावून सांगितलं. बिजवराशी लग्न करणारीने पहिलीचा टाक गळ्यात घालायचा असतो. रोज जेवताना पहिला घास त्याला दाखवायचा, म्हणजे पहिली सुखाने राहू देते. सवत म्हणून तिचा मान ठेवायचा.

हे मी ऐकलं होतं, पण कधी पाहिलं नव्हतं. आणि तो चेहरा मी घाटभर खिशात घेऊन आलो होतो.

संध्याकाळी हात धुवायला मागच्या अंगणात गेलो. वर्षाली हळद लागलेली, एकटीच बसली होती. टाक काळ्या दोऱ्यात ओवून तिच्या गळ्यात घातला होता. तू खिडकीतून बघितलंस ते हेच. ती काय बोलली ते लिहितो.

ती म्हणाली, "भाऊ, तुमीच आणलं ना हे वरतं?"

मी हो म्हणालो.

"घाटात तिले तरास नाई ना झाला? गाडी लागत जाय तिले. परतवाड्याहून निघालं की पयल्या वळणालेच."

आणि ती हसली. ताई, ते हसणं तू बघितलंस. तिथून तिचा आवाज तुला आला नसेल. मी म्हणालो, नाही, त्रास झाला नाही. ती म्हणाली, "लहानपनी एकाच ताटात जेवत होतो आमी. भांडून भांडून. आता आधी तिले घास दाखवा लागते, मग मी." मग तिला आतून हाक आली आणि ती उठून गेली.

नंतर मी कठड्याशी उभा होतो. वारा फार होता. तू म्हणतेस पाझर फुटला. डोळ्यांत पाणी वाऱ्याने आलं की कशाने, मला सांगता येणार नाही. मी एवढंच पाहत होतो की कुंदाचा असा चेहरा कोणीतरी सराफ ठोकून देईल आणि तो रक्षाच्या गळ्यात घालतील. कुंदाने रक्षाला अंगाखांद्यावर खेळवलं. तिला तिची सवत करायला मला जमणार नाही.

तुझं पत्र गिरडला पोचायच्या आत माझं पोचावं म्हणून मी आज सकाळीच समुद्रपूरच्या बसमध्ये ओळखीच्या माणसाच्या हातात चिठ्ठी दिली. लिहिलं आहे की दुखवट्याच्या दिवशी माझा गैरसमज झाला, चिखलदऱ्याला मी टाक घातलेली नवरी पाहिली, आणि रक्षाच्या आयुष्याचा विचार करून मी नकार देतो. नारळ परत पाठवला नाही, ते बरं दिसलं नसतं.

मयुरीचं काय होईल ते मला माहीत नाही. ती घरी यायची ही एकच वाट होती, ती मी बंद केली. तुझ्या मनासारखं झालं नाही, त्याबद्दल राग मानू नको.

धर्मेंद्र

---

परतवाडा,
५ मार्च

चि. धर्मेंद्र,

तुझं पत्र दोनदा वाचलं. ह्यांनीही वाचलं. म्हणाले, "तू त्याला पुडी आणायला कशाला पाठवलंस?" मला तरी कुठे कळलं होतं. घाई होती, तू रिकामा उभा होतास.

प्रभाकररावांना माझं आणि तुझं अशी दोन पत्रं दोन दिवसांत मिळाली असतील. त्यांनी काय समजायचं? मला त्यांच्यासमोर जायला आता तोंड राहिलं नाही.

वर्षाली सोमवारपासून शाळेत यायला लागली. तिला मी मधल्या सुट्टीत विचारलं. तू माझ्या भावाला काय काय बोललीस, तो घाबरून पळाला. ती म्हणाली, "काई नाई हो बाई, मजा करत होती मी. तुमच्या भावाचं तोंड एवढं सुकलेलं होतं." टाक तिने पोलक्याच्या आत घातलेला असतो, दिसत नाही. डबा उघडला की दोन बोटांनी घास वर करते, मग खाते. दुःखी दिसत नाही. सुखी दिसते का, तेही मला आता सांगता येत नाही. आधी सांगता येत होतं.

तू दुसऱ्याचं लग्न बघून आपलं ठरवलंस. मी तुला तेवढ्यासाठीच नेलं होतं, त्यामुळे मला बोलायला जागा नाही.

तुझी ताई

---

गिरड,
८ मार्च

भाऊजींस रक्षाचा नमस्कार.

मी तुम्हाला पहिल्यांदाच पत्र लिहीत आहे. घरात कोणाला माहीत नाही. अंगणवाडीत बसून लिहीत आहे. मयुरी बाजूला झोपली आहे.

तुमची चिठ्ठी बाबांनी ओसरीवर मोठ्याने वाचली. नत्थूकाका बसले होते, त्यांच्यासमोर. मग आईला वाचून दाखवली. मी आत भाकरी टाकत होते, मला दोन्ही वेळा ऐकू आली. दोन दिवसांनी तुमच्या ताईंचं पत्र आलं, तेही वाचलं. आई म्हणाली, भावाबहिणीनं पोरीचा तमाशा केला.

तुम्ही लिहिलं की माझ्या आयुष्याचा विचार करून नकार देता. तो विचार तुम्ही कुठे बसून केला ते मला माहीत नाही. मला तुम्ही विचारलं नाही. बाबांनी तुम्हाला नारळ दिला तेव्हा मला विचारलं नव्हतं, मला संध्याकाळी कळलं. त्यांनी हो म्हणताना विचारलं नाही, तुम्ही नाही म्हणताना विचारलं नाही. दोघांनी माझं भलंच केलं.

टाकाचं लिहिलं ते ऐकून आई रडली. मला रडू आलं नाही. कुंदाताईला गळ्यात घालून फिरायला मला काय जड होतं? तिचं लुगडं नेसते, तिच्या पोरीला न्हाऊ घालते. सवत म्हटल्याने ती माझी सवत होत नाही. ते तुम्हाला जड झालं, मला नाही. तुम्ही तुमचं माझ्या नावावर लिहिलं.

आता काय झालं ते सांगते. बाबा म्हणतात, पेढे वाटून झाले, गावात नाव गेलं, आता उशीर नको. हिंगणघाटचे पाहुणे गुढीपाडव्याच्या आधी मला पाहायला येणार आहेत. त्यांची कापडाची दुकानदारी आहे. त्यांनी निरोप दिला की बहिणीची पोर सोबत चालणार नाही. बाबा म्हणाले, पोर तिच्या बापाकडे जाईल. आणि बाप कुठे ठेवणार तिला, रूपरावच्या टपरीवर? रात्री मयुरी माझा पदर मुठीत धरून झोपते. सोडवला की जागी होते.

मी लग्न करा म्हणून हे लिहीत नाही, गैरसमज नसावा. तुमचा लवकर होतो. मी यासाठी लिहिते की तुम्ही या, आणि बाबांसमोर, आईसमोर, मला बसवून मला विचारा. उत्तर काय ते तेव्हा देईन. चिठ्ठी पाठवू नका.

रक्षा

---

जाम,
१२ मार्च

रक्षास,

पत्र मिळालं. तू लिहिलं ते बरोबर आहे. मी रविवारी सकाळच्या बसने येतो. विचारीन. प्रभाकररावांना मी येतो आहे एवढंच सांगावं, बाकी काही सांगू नये.

धर्मेंद्र

---

जाम,
१७ मार्च, सोमवार

ती. ताईस नमस्कार.

काल गिरडला गेलो होतो. झालं ते सगळं तुला कळवणं योग्य आहे, म्हणून लिहितो. मधे रक्षाचं एक पत्र आलं होतं. चिठ्ठी न पाठवता घरच्यांसमोर तिलाच विचारा, एवढंच तिचं म्हणणं होतं. ते बरोबर होतं म्हणून गेलो.

प्रभाकरराव ओसरीवर होते. बसा म्हणाले, पण वर बघितलं नाही. सासूबाई पाणी ठेवून आत जायला लागल्या तेव्हा मी त्यांना थांबा म्हणालो. रक्षालाही बोलवा म्हणालो. प्रभाकरराव म्हणाले, "आता काय बाकी राह्यलं जी?" मी म्हणालो, एक विचारायचं राहिलं आहे. सासूबाईंनी नवऱ्याकडे बघितलं, मग हाक मारली. रक्षा आली. मयुरी तिच्या कडेवर होती, मोठी झाली तरी अजून कडेवर घेते. ती खांबाला टेकून बसली आणि मयुरीला मांडीवर घेतलं.

मी म्हणालो, "रक्षा, तुले माझ्याशी लगन करायचं हाय का? हो असन तर हो म्हण, नाई असन तर नाई. मी कोणाले दोष देणार नाई."

सासूबाई म्हणाल्या, असं कोणी पोरीला तोंडावर विचारतं का, जवाईबापू. प्रभाकररावांनी त्यांना हाताने थांबवलं. त्यांचं हे मला अपेक्षित नव्हतं.

रक्षा म्हणाली, "नाई, भाऊजी."

मग म्हणाली, "दहा वरसं झाले भाऊजी म्हणून राह्यली तुमाले. आता दुसरं काई तोंडात येत नाई. तुमी चांगले हा. पण येत नाई."

ती वडिलांकडे वळली आणि म्हणाली की हिंगणघाटच्या पाहुण्यांना येऊ नका म्हणून कळवा. मयुरी पहिलीत जाईपर्यंत ती लग्न करणार नाही, आणि त्यानंतर जो कोणी येईल त्याने पोरीसकट विचारायचं. "पोरगी मी कोणाले देत नाई. हिच्या बापाले बी नाई, अजून." सासूबाईंनी कपाळावर हात मारला. म्हणाल्या, लाजशरम टाकली पोरीनं, आता हिला कोण पत्करतं. रक्षा म्हणाली, नाही पत्करलं तर अंगणवाडी आहे.

प्रभाकरराव बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग मला विचारलं, "तुमचं काय म्हणनं?"

पोरीबद्दल विचारत होते. हा प्रश्न मला होता, उत्तरही मलाच द्यायचं होतं. मयुरी रक्षाच्या बांगड्या मोजत होती. मी म्हणालो, मयुरी इथेच राहू द्या. मी दर रविवारी येत जाईन. तिला लागेल ते मी आणीन. प्रभाकरराव म्हणाले, "मंग ठीक हाय." हिंगणघाटला ते स्वतः जाऊन सांगणार आहेत. चिठ्ठी पाठवत नाही म्हणाले.

नंतर रक्षा उठली आणि आधीसारखं म्हणाली, "भाऊजी, जेवून जाजो. बस तीनलेच हाय." मी जेवलो. तिने वाढलं. निघताना मयुरी दारापर्यंत आली, पुढच्या रविवारी येताना कंपासपेटी आण म्हणाली. तिला कंपासपेटी कशाला हवी ते मी विचारलं नाही.

ताई, एक गोष्ट तुला सांगतो, दुसऱ्या कोणाला सांगणार नाही. तिने नाही म्हटलं, तेव्हा मला कळलं की मी होकाराची वाट पाहत होतो. नकाराची चिठ्ठी मीच लिहिली होती, आणि त्यातलं सगळं मला खरं वाटलं होतं. बसमध्ये बसल्यावर पुन्हा त्याचा विचार केला. तसंच होतं. त्यात आता काही करण्यासारखं नाही. तिने बरोबर केलं. कुंदाच्या जागी कोणी येईल असं वर्षभरात मला एकदाही वाटलं नव्हतं. काल तेवढ्यापुरतं वाटलं, आणि लगेच संपलं.

तू स्वतःला बोल लावून घेऊ नको. चिखलदऱ्याला नेलंस म्हणून काही वाईट झालं नाही. नेलं नसतंस तर मी वैशाखात टोपी घालून उभा राहिलो असतो आणि रक्षाला कोणी विचारलं नसतं. वर्षालीला माझा नमस्कार सांग. भाऊजींनाही.

इकडे ऊन तापायला लागलं. दुपारी ट्रकवाले पाणी मागायला दुकानावर येतात. आज सकाळी बाजारातून माठ आणला. कुंभाराने रात्रभर भिजत घाला म्हणून सांगितलं, पण घरात दुसरं थंड पाणी नाही, म्हणून दोन तास भिजवला. मागच्या ओट्यावर विटा मांडल्या, वर ओली वाळू टाकली, त्यावर माठ बसवला. एका बाजूला कलत होता, खाली खापरीचा तुकडा घातला. मग नळावरून दोन बादल्या आणून भरला, झाकण ठेवलं, आणि दुकान उघडलं.

धर्मेंद्र